करंजी खवट होते तेव्हा



दिवाळीची करंजी राहिली की खवट होते, ती हवेतल्या प्राणवायूमुळे. शरीरातही तेच चालते. प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध रेणूंचे दुपदरी आवरण असते. श्वासातल्या प्राणवायूचा थोडा अंश उतावळा बनून एखाद्या रेणूतला हायड्रोजन हिसकावतो. लुबाडलेला रेणू प्राणवायूशी संयोग पावून शेजाऱ्याला लुबाडतो, आणि हे लोण पसरत जाऊन आवरण जीर्ण होते. ई जीवनसत्त्व स्वतःचा हायड्रोजन देऊन ही साखळी तोडते. १९२२ साली कॅलिफोर्नियात इव्हान्स यांच्याबरोबर ते शोधले कॅथरीन बिशप या बाईंनी, हे मुद्दाम सांगते! शेंगदाण्यात ते असते, तेलातही. पण तेल पुन्हा पुन्हा कडकडीत तापवले की ते नष्ट होते. म्हणून मी तळणीचे उरलेले तेल पुन्हा तळणीला घेत नाही. सासूबाई रागावतात.