कसम आणि गणपतीची रजा



लढाईच्या गोष्टी तुम्ही टीव्हीवर पाहताच. मी आज पळालेल्यांबद्दल बोलणार आहे.

आपल्या सैन्यात कुणालाही जबरदस्तीने घेत नाहीत. भरतीसाठी पोरं पहाटे किनाऱ्यावर धावतात. बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्री सेंटरमध्ये ट्रेनिंग संपलं की कसम परेड होते. जिथे पाठवाल तिथे जाईन, जीव गेला तरी. तरीही त्यातला एखादा पुढे गायब होतो.

शत्रूला भिऊन पळालेला मी एकही पाहिला नाही. जवानाला वर्षाला 60 दिवस वार्षिक आणि 30 दिवस किरकोळ रजा असते, पण आपल्या पोरांना ती सगळ्यांना भाद्रपदातच हवी! घरून फोन येतो, "गणपतीक येतलंस मां?" आणि पलटण तर रिकामी ठेवता येत नाही.

आमच्यातला एक असाच गणपतीला आला. वडील अंथरुणावर, भाऊबंदांत जमिनीचा वाद. तो राहिला. 30 दिवस उलटले की कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसते, मग नावापुढे 'भगोडा' लागतो. 1950च्या आर्मी अ‍ॅक्टात नुसत्या गैरहजेरीला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. पलायनाला शांततेच्या काळात सात वर्षांपर्यंत, आणि मोहिमेवर असताना मृत्युदंडसुद्धा. त्याच्या मामाने, तेही माजी सैनिक, त्याला कुडाळला स्वतः गाडीत बसवलं. 28 दिवसांच्या कैदेवर निभावलं. कैदेचं त्याला काही वाटलं नाही. त्याच्या वाटचा रात्रीचा पहारा दोन महिने ज्याने दिला, त्याच्यासमोर मात्र त्याची मान वर होईना.

पण प्रत्येक मोडलेली कसम सारखी नसते. 18 फेब्रुवारी 1946 रोजी मुंबईत 'तलवार'वरच्या खलाशांनी निकृष्ट जेवण आणि शिवीगाळीविरुद्ध संप केला. तेही स्वखुशीनेच भरती झालेले. ते लपले नाहीत, उघड नकार देऊन उभे राहिले. त्यांच्यातल्या कित्येकांची नोकरी गेली, आणि स्वातंत्र्यानंतरही नौदलाने त्यांना परत घेतलं नाही. त्यांना भगोडा म्हणायला माझी जीभ वळत नाही.

2022पासून अग्निवीर चार वर्षांसाठी घेतात, पुढे कायम होणारे जास्तीत जास्त चौथा हिस्सा. गावातली पोरं विचारायला येतात, "काका, जाऊ काय?" मी आधी विचारतो, तुझ्या घरचा गणपती कोण आणणार, ते ठरलंय का?