आपली बोली, आपला ठेका


आज बोलूया मराठी रॅपविषयी.

रॅप म्हणजे ठेक्यावर बोललेलं गाणं.
1973 साली न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात हिप-हॉप जन्मलं; रॅप त्याचाच भाग.
मराठीत ते रुजलं,
ते आपल्या बोलीच्या जोरावर.

अमरावतीचा सौरभ अभ्यंकर,
म्हणजेच ‘हंड्रेड आरबीएच’,
वऱ्हाडी ढंगात रॅप करतो.
मुंबईच्या ‘स्वदेसी’ गटानं 2019 मध्ये
‘द वारली रिव्होल्ट’ हे गाणं केलं.
विषय होता आरेचं जंगल.
सोबतीला होते आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर.

असं ठेक्यावर बोलणं कोल्हापूरला परकं नाही.
हे शाहीर पिराजीराव सरनाईकांचं गाव.
शाहीर डफावर थाप मारतो.
तुणतुणं सूर धरतं.
झिलकरी मागून ‘जी जी’ची साथ देतात.
श्वास कुठं घ्यायचा,
शब्द कुठं तोडायचा,
हे रॅपरलाही शिकावंच लागतं.

कुस्तीच्या मैदानातली हलगी आठवा.
वादक आधी ती विस्तवावर शेकतो.
कातडं ताणतं.
मग आवाज कसा कडक निघतो!
तोच ठेका आज मोबाइलवर टिपता येतो.
त्यावर घरबसल्या शब्द बसवता येतात.
मोठी कंपनी लागत नाही.
लागते ती आपली बोली.

आणि ‘काय भावा’ म्हणणारी कोल्हापुरी बोली
त्या ठेक्यावर अगदी चपखल बसते.
पोरांनो, लिहिताना तिला पुस्तकी करू नका.