सैनिकासाठी एक रुपया



18 सप्टेंबर 2016 च्या पहाटे उरीच्या छावणीवर हल्ला झाला. आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या वणी तालुक्यातले, पुरडचे विकास कुळमेथे त्यात गेले. अमरावती जिल्ह्यातल्या नांदगाव खंडेश्वरचे विकास उईकेही गेले. दोघंही आपल्या विदर्भातल्या साध्या घरांतली पोरं. त्याच सुमारास तुमच्या-माझ्या फोनवर एक संदेश फिरत होता. अभिनेता अक्षय कुमारच्या सूचनेवरून सरकारने सैन्यासाठी खातं उघडलंय, प्रत्येकाने रोज एक रुपया टाकावा, त्यातून शस्त्रं येतील आणि देश महासत्ता होईल. शेवटी नेहमीचं : हा संदेश दहा जणांना पाठवा.

या संदेशातली एक गोष्ट खरी आहे, आणि ती दुःखाची आहे. 3 फेब्रुवारी 2016 ला सियाचिनमध्ये हिमकडा कोसळला आणि दहा जवान गाडले गेले. सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातले, मस्करवाडीचे सुनील सूर्यवंशी त्यांच्यात होते. त्यानंतर लोक आपणहून विचारू लागले की, या कुटुंबांसाठी पैसे कुठे द्यायचे? म्हणून लष्कराच्या कल्याण निधीचं खातं जाहीर झालं. ते होतं मागे राहिलेल्या पत्नीसाठी आणि लेकरांसाठी. कुणीतरी त्या विधवेच्या निधीवर तोफा-बंदुकांचं नाव घातलं आणि ते देशभर फिरवलं. संरक्षण मंत्रालयाने 2016 मध्येच खुलासा केला. पहलगामच्या हल्ल्यानंतर, एप्रिल 2025 मध्ये, तोच खुलासा पुन्हा करावा लागला. या वेळी मंत्रालयाने आणखी एक गोष्ट सांगितली : संदेशातला खात्याचा तपशील चुकीचा असल्यामुळे लोकांनी ऑनलाइन पाठवलेले पैसे जमाच होत नाहीत. म्हणजे ज्याने खरोखर खिशात हात घातला, त्याचाही रुपया त्या घरापर्यंत गेला नाही. मला सर्वांत जास्त लागतं ते हे.

संदेशातला हिशेबही तपासून पाहा. 130 कोटींपैकी 70 टक्के लोकांनी रोज रुपया दिला, तर दिवसाला 100 कोटी, वर्षाला 36,000 कोटी, असं त्यात आहे. मुळात 130 कोटींचे 70 टक्के म्हणजे 91 कोटी. तरी धरून चालू की, 36,000 कोटी जमले. 2025-26 चा आपला संरक्षणाचा अर्थसंकल्प 6 लाख 81 हजार कोटींचा होता. तो एक रुपया धरला, तर त्यातले हे पाच पैसे. बाकीचे पंचाण्णव पैसे तुम्ही आधीच देता आहात. ट्रॅक्टरच्या डिझेलवर कर भरणारा आपला कापूस उत्पादक सैन्याला पोसतोच आहे. त्याच्या देशप्रेमाला व्हॉट्सअ‍ॅपच्या पावतीची गरज नाही.

संदेश पुढे पाठवणाऱ्यांना मी दोष देत नाही. त्यांची कळकळ खरी असते. माझं दुःख वेगळं आहे. आतून काहीतरी करावंसं वाटत असतं, ती टोचणी बोट दाबलं की शमते. ती शमली नसती, तर तोच माणूस दुसऱ्या दिवशी उठून कुणाच्या तरी दारात गेला असता.

प्रतीकांना मी कमी लेखत नाही. 1962 च्या युद्धात बायांनी अंगावरचं सोनं उतरवून राष्ट्रीय संरक्षण निधीला दिलं. ते प्रतीकच होतं, पण त्याला किंमत पडत होती. 1949 पासून 7 डिसेंबरला ध्वजदिन पाळला जातो. तो छातीवर लावायचा इवलासा झेंडाही प्रतीकच, पण त्यामागचा पैसा माजी सैनिकांच्या आणि सैनिकांच्या कुटुंबांच्या कल्याणासाठी जातो. खेद एवढाच की, हे संकलन आपल्याकडे कचेऱ्यांच्या उद्दिष्टाचा विषय होऊन बसलं आहे. गावातल्या माणसाला 7 डिसेंबर आठवतसुद्धा नाही.

आपल्या पांढरकवड्याला लागून जाणारा महामार्ग क्रमांक 44 श्रीनगरहून येतो. 14 फेब्रुवारी 2019 ला पुलवामात याच महामार्गावर झालेल्या हल्ल्यात केंद्रीय राखीव पोलीस दलाचे 40 जवान गेले. मलकापूरचे संजय राजपूत आणि लोणार तालुक्यातल्या चोरपांग्र्याचे नितीन राठोड हे आपल्या विदर्भातल्या बुलडाणा जिल्ह्यातले दोघं त्यांत होते. हे दल गृह मंत्रालयाचं. लष्कराचा निधी त्यांच्यासाठी नसतो. त्यांच्यासाठी एप्रिल 2017 पासून ‘भारत के वीर’ आहे. संदेश फिरवताना एवढा फरक तरी कुणी पाहतो का?

आणि अंत्यसंस्काराची गर्दी ओसरल्यावर त्या घरात काय उरतं? कागदं. सेवापुस्तकात नाव एक, आधारवर दुसरं. दरवर्षी हयातीचा दाखला, तोही आता ‘स्पर्श’ या ऑनलाइन प्रणालीवर. ओटीपी येतो नवऱ्याच्या बंद पडलेल्या नंबरावर. वयस्कर वीरमातेला यवतमाळच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जायचं, तर एसटीने जाण्या-येण्यातच दिवस मोडतो आणि त्या दिवसाची मजुरी बुडते. ग्रामपंचायत हद्दीतल्या माजी सैनिकांना आणि सैनिकांच्या विधवांना मालमत्ता कर माफ करणारी राज्य सरकारची योजना 2020 पासून आहे. तुमच्या गावात ती किती घरांना लागू झाली, हे आज इथे बसलेल्यांपैकी किती जण सांगू शकतील?

येत्या 26 जानेवारीच्या ग्रामसभेत हा विषय घ्यायला लावा. गावातल्या माजी सैनिकांची आणि वीरपत्नींची नावं ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून मागून घ्या आणि करमाफीचा अर्ज त्यांच्या घरी बसून भरून द्या. नोव्हेंबरमध्ये गावातल्या एखाद्या शिकलेल्या पोराने त्यांचा हयातीचा दाखला काढून द्यावा. 7 डिसेंबरला पैसे द्या आणि पावती घ्या. आणि तो रुपयाचा संदेश पुन्हा आला, तर पुढे न पाठवता, ज्याने पाठवला त्याला फोन करा आणि या कामाला सोबत घ्या.