पावसाच्या खुणा आणि पेरणीची घाई
(जीर्णोद्धार समारंभात झालेले भाषण)



पाडव्याला देवळात पंचांग वाचतात, तेव्हा शेतकऱ्याचे कान एकाच गोष्टीकडे लागलेले असतात. यंदा मृगाचे वाहन कोणते? हत्ती, म्हैस किंवा बेडूक निघाला की मंडळी सुखावतात. मेंढा निघाला की चेहरे उतरतात. हे वाहन काढतात ते असे: सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजावयाचे, नवाने भागावयाचे, आणि बाकीवरून वाहन ठरवावयाचे. गणित बिनचूक असते, परंतु त्यात वारा नाही आणि ढगही नाही. शिवाय सूर्यनक्षत्रांच्या तारखा ऋतूंच्या मानाने सुमारे 72 वर्षांत एक दिवस पुढे सरकतात. हजार वर्षांपूर्वी मृग आजच्यापेक्षा सुमारे दोन आठवडे आधी लागत असे. सहदेव-भाडळीच्या नावावर चालणारी वचने आजच्या तारखांना लावताना एवढे ध्यानात ठेवलेले बरे.

बुलढाणा जिल्ह्यात भेंडवळ येथे अक्षय्य तृतीयेला शेतात घटमांडणी होते. भोवती अठरा धान्ये, मध्ये चार ढेकळे, त्यांवर पाण्याची घागर. चार ढेकळे म्हणजे पावसाळ्याचे चार महिने. दुसऱ्या दिवशी पहाटे भाकीत सांगतात व ते ऐकावयास दुरून लोक येतात. परंपरा मोठी खरी. पण बांधापलीकडे पाऊस आणि अलीकडे कोरडे, हेही आपण पाहतोच.

टिटवीने चार अंडी घातली की चार महिने पाऊस, असे म्हणतात. टिटवी बहुधा चारच घालते, त्याला ती बिचारी काय करणार!

जवळच्या खुणांचे मात्र तसे नाही. चंद्राला खळे पडते ते फार उंचावरच्या ढगांतील बर्फाच्या कणांमुळे, आणि असे ढग पुष्कळदा पावसाच्या ढगांपुढे चालत येतात. बरणीतले मीठ पाझरते, कारण हवेत दमटपणा वाढलेला असतो. आपल्या आया-आज्यांनी हे बरोबर हेरले होते. या खुणा फार तर एक-दोन दिवसांचे सांगतात. तेवढ्यावर वाळवण उचलावे, कडबा झाकावा. बियाणे मात्र मातीत टाकू नये.

पावशा ‘पेरते व्हा’ म्हणतो तो त्याच्या विणीच्या दिवसांत. त्याचे ऐकून किंवा पहिल्या वळवाच्या सरीवर ज्याने चाड्यावर मूठ धरली, त्याच्यावर पुढे उघडीप पडल्यास दुबार पेरणीची पाळी येते. उधारीचे बियाणे गेले, खत गेले, आणि सोसायटीचे कर्ज तेवढे राहिले. 75 ते 100 मिलीमीटर पाऊस होऊन जमिनीत चांगली ओल उतरल्याखेरीज पेरू नये, असे शेतीखाते सांगत आले आहे.

हा पाऊस घरीही मोजता येतो. सपाट बुडाचा, वरखाली सारख्या रुंदीचा डबा झाडा-भिंतीपासून दूर उघड्यावर ठेवावा. रोज सकाळी ठरल्या वेळी पट्टी उभी धरून पाणी मोजावे, आकडा लिहावा व डबा रिता करावा. नव्या सभामंडपात एक फळा लावून शाळेतील मुलांकडे हे काम दिले, तर काकड आरतीला येणाऱ्या प्रत्येकाला आदल्या दिवसापर्यंतची बेरीज वाचावयास मिळेल.