लेकराच्या दाताची भीती

गटाच्या बैठकीत दातांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं, ‘दुधाचेच दात, पडतीलच की!’ पुढचे दात सहा-सात वर्षांच्या सुमाराला पडतात, हे खरं. पण दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. पाचव्या वर्षी किडलेली दाढ घेऊन लेकरानं इतकी वर्षं काढायची कशी? आणि सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या दाढांमागे जी नवी दाढ येते, ती कायमची. ती गेली की गेली.

बरं, दवाखान्यात न्यावं तर लेकरू दारातच फतकल मारतं. मारणारच. ‘गप बस, नाहीतर डॉक्टर सुई टोचतील,’ हे घरोघरी वर्षभर ऐकवलेलं असतं. मग चौघं मिळून धरतात आणि दाढ काढतात. दाढ निघते, भीती मात्र आत बसते.

लहान मुलांच्या दातांचे डॉक्टर वेगळे असतात. ते आधी सांगतात, मग दाखवतात, मग करतात. फिरणारा ब्रश आधी लेकराच्या नखावर फिरवतात. बऱ्याच मुलांना एवढं पुरतं. ज्यांना पुरत नाही, त्यांच्यासाठी भीती उतरवणारं औषध आहे.

त्यातला सगळ्यात सौम्य प्रकार म्हणजे नायट्रस ऑक्साईड वायू. १८४४ साली अमेरिकेत होरेस वेल्स नावाच्या दंतवैद्यानं हाच वायू घेऊन स्वतःची दाढ काढून घेतली होती. आज तो ऑक्सिजनमध्ये मिसळून नाकावरच्या छोट्या मास्कमधून देतात. अंग हलकं वाटतं, बोटांना मुंग्या येतात. लेकरू जागंच असतं, विचारलं तर उत्तर देतं. दाढ बधिर करायचं इंजेक्शन तरीही लागतंच, फक्त त्याची धास्ती उरत नाही. शेवटी काही मिनिटं नुसता ऑक्सिजन दिला की असर उतरतो. मात्र सर्दीनं नाक चोंदलं असेल तर याचा उपयोग नाही. तारीख पुढे ढकला.

दुसरा प्रकार तोंडानं द्यायच्या औषधाचा, बहुधा मिडाझोलामचा. वजनावर मोजून ते दवाखान्यातच देतात, लेकरू पेंगुळतं. फार लहान मूल असेल किंवा बरेच दात किडले असतील, तर हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ पूर्ण भूल देतात. ती वेगळी गोष्ट, तिची तयारीही मोठी.

पेंगुळवणाऱ्या औषधाआधी पोट रिकामं लागतं. हलकं खाणं आणि वरचं दूध सहा तास आधी बंद, अंगावरचं दूध चार तास, पाणी दोन तास. उलटी होऊन श्वासनलिकेत गेली तर जिवावर बेततं. म्हणून घरातल्या आजीला आदल्या रात्रीच सांगून ठेवा, नाहीतर ‘उपाशी लेकरू’ म्हणून बिस्किट जातंच पोटात! वायूसाठी काय खायचं, ते डॉक्टरांना विचारा.

आणि निघताना झोप यावी म्हणून सर्दी-खोकल्याचं औषध घरी मुळीच पाजू नका. दोन औषधं एकत्र आली तर श्वास मंदावू शकतो. दमा, फिट, सिकलसेल, झोपेत मोठ्यानं घोरणं, सुरू असलेल्या गोळ्या, सगळं डॉक्टरांच्या कानावर घाला. श्वासावर लक्ष कोण ठेवणार? बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावणार का? हे विचारायला लाजू नका. उत्तर द्यायला जो डॉक्टर कंटाळतो, त्याच्याकडे आम्ही तरी लेकरू निजवणार नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत आणि शाळेत येतं, तेव्हा दात तपासून घ्या, पुढची चिठ्ठी मागा. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला सरकारी दंत महाविद्यालयं आहेत. ही सोय सगळीकडे नसते, म्हणून एसटीचं भाडं घालण्याआधी चौकशी करा.

औषध घेतलेल्या लेकराला मोटरसायकलवर मधे बसवून आणू नका, मान लुढकते. सोबत आणखी एक मोठं माणूस न्या. ओठ दोन-तीन तास बधिर राहतो आणि मुलं तो गंमत म्हणून चावतात. दुसऱ्या दिवशी ओठ सुजून टम्म होतो. तेवढा वेळ खायला देऊ नका, जवळ बसून लक्ष ठेवा.