खाडीचे तोंड आणि दुपारचा वारा

आगाशीच्या वाडीत उभे राहून पाहिले, तर समुद्र दिसत नाही. केळी, नारळ आणि सुरूची झाडे आड येतात. पावसाळ्याच्या रात्री मात्र त्याची गाज अंथरुणावर पडल्या पडल्या ऐकू येते. आगाशीपासून जवळच अर्नाळा. अर्नाळ्याच्या उत्तरेस वैतरणा नदी समुद्राला मिळते आणि तिच्या पैलतीराला दातिवरे. त्र्यंबकेश्वरच्या डोंगरात उगम पावलेली ही नदी वाटेत पिंजाळ, सूर्या, तानसा या नद्यांचे पाणी घेऊन येथे येते. गोडे पाणी, खारे पाणी आणि वारा हे तिघे या एका तोंडाशी भेटतात. त्यांची भेट कधी गोडीची असते, कधी भांडणाची. आज मला त्या भांडणाविषयी चार शब्द सांगायचे आहेत.

हे सांगायचे कारण असे. कोळी बांधवांना समुद्र शिकवायला मी आलेलो नाही. पण खाडी काही केवळ कोळीच ओलांडत नाहीत. अर्नाळ्याचा किल्ला बेटावर आहे आणि तेथे वस्ती आहे. तिथल्या माणसांना बाजारहाट, दवाखाना, पुढची शाळा यांसाठी होडीतच पाय ठेवावा लागतो. आत वैतरणेच्या रेल्वे पुलांच्या मधोमध वाढीव हे बेटावरचे गाव आहे. २०२५ साली विरारजवळच्या मारंबळपाड्याहून समोरच्या जलसारला मोटारी वाहून नेणारी रो-रो बोटही सुरू झाली. म्हणजे शिक्षक, विद्यार्थी, भाजीवाल्या बायका, लग्नाची वऱ्हाडी मंडळी, किल्ला पाहायला आलेले पाहुणे, असे कितीतरी लोक या पाण्यावरून जातात. त्यांतल्या पुष्कळांना वाटते, "आभाळ स्वच्छ आहे ना? मग भीती कसली?" हीच समजूत घातक आहे.

एक अनुभव सांगतो. मी तेव्हा नवा शिक्षक होतो. सहावीची अकरा मुले घेऊन दातिवऱ्याला गेलो होतो. पौर्णिमेचा दिवस, उन्हाळ्याचे दिवस, आभाळात ढगाचा ठिपका नाही. दुपारी तीनच्या सुमारास आम्ही परत यायला धक्क्यावर आलो. अर्नाळ्याहून आगाशीकडे जाणारी गाडी मला गाठायची होती. म्हातारा तांडेल होडीच्या सावलीला बसला होता. तो उठेचना. मी घाई केली, तसा म्हणाला, "गुरुजी, पाणी बाहेर चाललंय नि वारा आत येतोय. दोघांची कुस्ती लागलीय. ती सुटू द्या, मग जाऊ." मला राग आला. पैसे वाढवून मागण्याची ही युक्ती असावी, असे खरोखर माझ्या मनात आले. आमच्या डोळ्यांदेखत दुसरी एक लहान होडी चार माणसे घेऊन निघाली. तोंडाजवळच्या रेतीच्या दांड्यापर्यंत ती पोचली असेल नसेल, तोच पांढऱ्या लाटांत दिसेनाशी झाली. पुन्हा दिसली ती आडवी. अर्ध्या तासाने ती माघारी आली, तेव्हा तिच्यात निम्मे पाणी होते, टोपल्या वाहून गेल्या होत्या आणि चारही माणसांच्या तोंडचे पाणी पळाले होते. मी मुलांकडे पाहिले आणि मुकाट्याने तांडेलाशेजारी खाली बसलो. दिवस मावळला, वारा पडला, पाणी आत वळले. पूर्वेला चंद्र वर आला, तेव्हा तांडेल म्हणाला, "चला." आम्ही जणू तळ्यातून जावे तसे पार झालो. गाडी चुकली. मुले घरी उशिरा पोचली, पण पोचली.

त्या दिवशी काय झाले होते, ते आता पाहू.

आपल्या किनाऱ्यावर दिवसातून दोन वेळा भरती आणि दोन वेळा ओहोटी होते. एका भरतीपासून दुसरी भरती सुमारे बारा तास पंचवीस मिनिटांनी येते. म्हणून उद्याची भरती आजच्यापेक्षा पाऊण तासाहून थोडी अधिक उशिरा. आपल्या वाडवडिलांनी याचा एक सोपा हिशेब बसवला आहे. शिक्षकबंधूंनी तो फळ्यावर मांडावा. तिथीच्या अंकाला तीनने गुणा आणि चारने भागा. जे उत्तर येईल, तितके वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला चार गुणिले तीन, बारा. भागिले चार, तीन. म्हणजे पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहा वाजता. अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकरा ते बारा. भरतीनंतर सहा-सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. हा हिशेब ढोबळ आहे. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, आणि खाडीत जितके आत जावे तितकी भरती उशिरा येते. बिनचूक वेळ हवी तर भारतीय सर्वेक्षण विभागाची भरती-ओहोटीची कोष्टके दर वर्षी निघतात, ती पाहावीत. पण पंचांग किंवा भिंतीवरची दिनदर्शिका प्रत्येक घरात असते, आणि हा हिशेब चौथीच्या मुलालाही येतो.

आता भरतीचे बळ. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण येते. मुंबईजवळ उधाणाच्या भरती-ओहोटीत पाण्याच्या उंचीचा फरक सरासरी पावणेचार मीटरच्या घरात असतो. अष्टमीच्या सुमारास, म्हणजे भांगाला, तो दीड मीटरच्या आसपास उतरतो. हे पाणी सारख्या वेगाने उतरत नाही. ओहोटीच्या सहा तासांचे बारा हिस्से करा. पहिल्या तासात एक हिस्सा उतरतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. उधाणाच्या दिवशी तिसऱ्या आणि चौथ्या तासांत मिळून जवळजवळ दोन मीटर पाणी खाडी रिकामी करीत बाहेर धावते. कोळी बांधव आपली डोल जाळी याच ओढीच्या भरवशावर लावतात. जी ओढ जाळ्यात बोंबील आणून घालते, तीच ओढ बेसावध होडीलाही घेऊन जाते.

तिसरा गडी वारा. रात्री जमीन लवकर निवते, समुद्र ऊबदार राहतो, म्हणून पहाटे वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. हा मतलई वारा. दिवसा जमीन तापते, आणि दुपारी समुद्रावरून जमिनीकडे खारा वारा सुटतो. हिवाळ्याच्या अखेरीपासून मेपर्यंत तो दुपारी चांगलाच जोर धरतो. दिवस मावळला की पडतो.

आता तिघांना एकत्र आणा. उधाणाच्या दिवशी भरती बाराच्या सुमारास, म्हणजे ओहोटी बारा ते सहा. तिची सर्वांत मोठी ओढ दोन ते चार. आणि खारा वारा जोरात असतो तोही नेमका याच वेळी! पाणी पश्चिमेकडे धावते, वारा पूर्वेकडे. वाऱ्याने ढकललेली लाट समोरून येणाऱ्या प्रवाहावर आदळली, की ती आखूड होते, उभी राहते आणि फुटते. त्यात पाणी उतरत असल्यामुळे रेतीचे दांडे वर येऊ लागलेले असतात. म्हणून आभाळ निरभ्र असतानाही खाडीचे तोंड खवळते. याच्या उलट अष्टमीला भरती सहाला. दुपारी पाणीही आत येते, वाराही आत येतो. तोच वारा, तेच तोंड, पण लाट लांब आणि मवाळ. वाऱ्याचा जोर सारखा असूनही एक दिवस धोक्याचा आणि एक दिवस सोयीचा, तो असा. माझ्या तांडेलाला गुणाकार-भागाकार येत नसेल. पण "कुस्ती लागलीय" या दोन शब्दांत त्याने हे सारे सांगितले होते.

पावसाळ्यात तर या हिशेबात आणखी भर पडते. वर डोंगरात पाऊस कोसळला, की वैतरणेचा लोंढा खाली येतो. ओहोटी अधिक वेगाची आणि अधिक वेळ चालणारी होते. झाडांचे ओंडके वाहत येतात. उलट भरतीच्या वेळी हाच लोंढा तोंडाशी अडतो आणि पाणी काठ सोडून शेतात, घरात शिरते. २६ जुलै २००५ या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि दुपारी चारच्या सुमारास भरती होती. पौर्णिमा होऊन पाच दिवस झाले होते. पाच गुणिले तीन, भागिले चार, पावणेचार! पाऊस थांबवणे कोणाच्या हाती नव्हते. भरतीची वेळ मात्र दिनदर्शिका पाहून आदल्या दिवशीही सांगता आली असती.

आपल्या भागातील वडीलधाऱ्यांना 'रामदास' बोट आठवते, निदान ऐकून तरी माहीत असते. १७ जुलै १९४७ रोजी गटारी अमावास्येसाठी गावी निघालेली माणसे घेऊन ती भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली. भर पावसाळा, उधाणाचे दिवस आणि बोटीत दाटी. काशाच्या खडकाजवळ बोट कलंडली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. सणाला घरी पोचायची घाई कोणाला नसते? पण समुद्राला आपल्या सणाची घाई नसते.

वादळाचीही एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. अरबी समुद्रात वादळे मुख्यतः पावसाळ्याच्या आधी, मे-जूनमध्ये, आणि पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येतात. आपल्या या नदीचेच नाव धारण करणारी 'वैतरणा' नावाची आगबोट होती. विजेच्या दिव्यांमुळे लोक तिला 'वीजळी' म्हणत. नोव्हेंबर १८८८ मध्ये ती कच्छच्या मांडवीहून मुंबईस निघाली आणि सौराष्ट्राच्या किनाऱ्यापाशी वादळात शेकडो उतारूंसह नाहीशी झाली. भारतीय हवामान खाते १८७५ मध्येच स्थापन झाले होते. पण समुद्रावर गेलेल्या बोटीला निरोप पोचवणारे बिनतारी यंत्र तेव्हा नव्हते. आता मे २०२१ पाहा. 'तौक्ते' वादळाची सूचना काही दिवस आधी मिळालेली होती. तरी मनुष्ये समुद्रावर राहिली, आणि १७ मे रोजी मुंबईसमोर पी-३०५ हा तराफा बुडून सत्तरहून अधिक जण दगावले. पहिल्या वेळी बातमी नव्हती. दुसऱ्या वेळी बातमी होती. सूचना मिळणे आणि सूचना मानणे यांत केवढे अंतर आहे ते यावरून कळावे.

आज सूचना रेडिओवर येते, मोबाईलवर येते. हैदराबादची महासागर माहिती संस्था लाटांची उंचीसुद्धा आगाऊ कळवते. बंदरावर क्रमांकाचे बावटे चढतात. दिवसा काळे शंकू आणि नळकांडी, रात्री दिवे. तीन नंबरचा बावटा म्हणजे बंदरालाच सोसाट्याच्या वाऱ्याचा धोका आहे, असे समजावे. "वारा ताशी ४५ ते ५५ किलोमीटर" असे शब्द कानावर आले, तर त्याचा अर्थ आपल्या वाडीत पाहा. छत्री हातात राहत नाही, सुरूचे अख्खे झाड हलते, वाऱ्याच्या तोंडावर चालणे जड जाते. जमिनीवर पाय ठरत नाही, तेथे होडी काय ठरेल?

म्हणून शिक्षकबंधू-भगिनींना माझी एक विनंती आहे. शाळेच्या व्हरांड्यात एक लहान फळा टांगा. त्याला 'भरतीचा फळा' म्हणा. रोज सकाळी एका विद्यार्थ्याने त्यावर पाच गोष्टी लिहाव्यात : तिथी, भरतीची वेळ, ओहोटीची वेळ, वाऱ्याची दिशा आणि हवामान खात्याची सूचना. वाऱ्याच्या दिशेसाठी काठीला बांधलेली चिंधी पुरते. महिनाभराने मुले आपला हिशेब प्रत्यक्ष पाण्याशी ताडून पाहतील आणि कितीने चुकला ते सांगतील. गणित झाले, भूगोल झाला, आणि संध्याकाळी घरी गेल्यावर "बाबा, आज दुपारी तोंडाशी जाऊ नका, उधाण आहे" असे सांगणारे एक माणूस प्रत्येक घरात तयार झाले.

आणि प्रवाशांना सांगणे इतकेच. तांडेल "थांबा" म्हणाला, तर थांबा. त्याला पैशाचा मोह दाखवू नका, घाई लावू नका. "एकच माणूस वाढतंय" म्हणून भरल्या होडीत चढू नका. तरंगणारे जाकीट ढिगात पडलेले असेल, तर मागून घेऊन अंगात घाला. लाट आली, तर सारे एका बाजूला धावू नका, जागच्या जागी खाली बसा.

त्या संध्याकाळी माझी गाडी चुकली, याचे मला अनेक दिवस वाईट वाटत होते. त्या अकरा मुलांपैकी काही आता आजोबा झाली आहेत. ती भेटली, की गाडी चुकल्याची आठवण काढून हसतात. तांडेल म्हणाला तसे आम्ही बसून राहिलो, म्हणून हे हसणे उरले आहे.