किनाऱ्यावरचा उन्हाळा

मी देवळाली कॅम्पचा रहिवासी. उन्हाळ्यांत आमच्याकडे मुंबईचे पाहुणे हवापालटासाठीं येतात. त्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो : "मास्तर, तुमच्या इथें पारा आमच्याहून चार-पांच अंश चढलेला, आणि तरी जीव घाबरा कां होत नाहीं?" पारा चढला कीं उष्मा वाढला, एवढेंच मी शाळेंत मुलांस शिकवीत असें. तें अर्धेंच खरें होतें.

घाम वाळतो तेव्हां अंग निवतें. देवळालीच्या कोरड्या हवेंत तो तत्काळ वाळतो. किनाऱ्यावरील दमट हवेंत तो अंगावरच राहतो. म्हणूनच उष्णतेची लाट ठरवितांना हवामानखातें सपाट प्रदेशास किमान ४० अंशांची, तर किनाऱ्यास ३७ अंशांचीच अट घालतें.

किनाऱ्याचा खरा आधार म्हणजे दुपारचा समुद्रवारा. जमीन तापली कीं तिच्यावरील हवेचा दाब घटतो आणि समुद्रावरील थंड हवा आंत शिरते. परंतु मार्च-एप्रिलांत कधीं कधीं देशाच्या अंतर्भागावर जास्त दाबाचें क्षेत्र ठाण मांडून बसतें. त्याच्या दक्षिण अंगानें पूर्वेचे वारे सुटतात, सह्याद्रि उतरतांना दाबले जाऊन अधिकच तापतात, आणि समुद्रवाऱ्यास वेशीवरच अडवितात. मुंबईचे मार्चमधील कडक दिवस बहुधा असेच असतात. २८ मार्च १९५६ रोजीं सांताक्रूझ येथें पारा ४१.७ अंशांवर गेला होता.

मे महिन्यांत देखावा पालटतो. राजस्थान व सिंध यांवर कमी दाबाचें क्षेत्र तयार होतें. तिकडे विषुववृत्ताच्या दक्षिणेस, मास्करेन बेटांच्या बाजूस, जास्त दाबाचें. या दोहोंच्या ओढीनें वारे विषुववृत्त ओलांडतात, पृथ्वीच्या फिरण्यामुळें उजवीकडे वळतात आणि नैर्ऋत्येकडून कोंकणावर येतात. जूनमध्यें ते पाऊस देतात. तोंवर मात्र हवेंतील ओलावाच वाढत जातो.

हें केवळ पुस्तकी ज्ञान नव्हे. १६ एप्रिल २०२३ रोजीं खारघर येथें उघड्या मैदानावर झालेल्या समारंभांत उन्हाचा तडाखा बसून १४ जण दगावले. पारा चाळिशीच्या खालींच होता.

तेव्हां किनाऱ्यावरील बंधुभगिनींनो, पाऱ्याबरोबर वाराहि पाहत जा. दुपार झाली तरी पश्चिमेची झुळूक आली नाहीं, तर आकडा कितीहि लहान दिसो, घरांतील वृद्धांस व मुलांस उन्हांत जाऊं देऊं नका.